द पेरिशर्स: ‘वॉट’ची गंमत डोळ्यांनी वाचायची

इंग्रजी बोलीत पेरिशर म्हणजे वात आणणारं कार्टं. या नावाची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) लंडनच्या डेली मिरर या दैनिकात १९५९ ते २००६ अशी चालली. तिचं नाव झालं ते मॉरिस डॉड यांच्या लेखनामुळे. चित्रं १९८३ पर्यंत डेनिस कॉलिन्स यांची, मग काही वर्षं खुद्द डॉड यांची आणि १९९२ पासून बिल मेव्हिन यांची. जुने पेपरबॅक संग्रह मिळाले तर घ्यावेत का? गोव्यातल्या मराठी वाचकाने तर जरूर घ्यावेत. एकाच बसमध्ये ‘खंय वता?’ आणि ‘खय जातस?’ ऐकणाऱ्याला या पट्टीचं मर्म पटकन कळतं.

पट्टीतल्या पोरांच्या गावाचं नाव क्रॉइंज. दक्षिण लंडनच्या क्रॉयडन आणि पेंज या दोन नावांची ही सांधणी, त्यामुळे पोरांची बोली तिकडचीच. ‘हेड’चा ह गळतो, ‘थ’चा ‘फ’ होतो, ‘माय’चं ‘मी’ होतं आणि एका वाक्यात दोन नकार येतात. अडलं की वाक्य मोठ्याने म्हणावं आणि गळलेला ह परत जोडावा. निम्मी वाक्यं तिथेच सुटतात.

पण एका जागी मोठ्याने वाचून काहीच हाती लागत नाही. मार्लन या मठ्ठ पोराला मोठेपणी ब्रेन सर्जन व्हायचंय, नाहीतर मोठे गमबूट घालून गटारात उतरणारा ‘ब्लोक वॉट...’, म्हणजे आपल्याकडचा ‘बाप्या जो...’. हा ‘वॉट’ डब्ल्यू-ओ-टी असा लिहिलाय. लंडनच्या तोंडी शुद्ध ‘व्हॉट’चा उच्चारही हाच, म्हणजे कानाला फरक शून्य. फरक फक्त स्पेलिंगचा, आणि तेवढ्यावर पोराची सगळी शाळा दिसते. मराठीत ‘मि येतो, तु थांब’ असं लिहून पाहा. बोलताना कुणाला काही खटकणार नाही, छापलेलं मात्र लगेच खुपतं. मालवणी संवाद लिहिताना आपण उच्चार पकडतो. डॉड उच्चार पकडतातच, वर शुद्धलेखनही वेठीला धरतात. अनुवादात सर्वांत आधी मरतो तो हाच विनोद, म्हणून हे संग्रह मुळातूनच वाचावेत.

प्राण्यांची तऱ्हा वेगळी. बूट हा केसाळ ओल्ड इंग्लिश शीपडॉग. आपण अठराव्या शतकातले लॉर्ड होतो आणि एका जिप्सी पोरीच्या जादूने कुत्रा झालो, अशी त्याची ठाम समजूत. त्यामुळे मनातल्या मनात बोलतो ते खानदानी इंग्रजीत. पोरं रस्त्याचं बोलतात आणि कुत्रा हवेलीचं! उन्हाळ्यात सगळी समुद्रावर जातात, तिथे बूट खडकातल्या डबक्यात डोकावतो. खालच्या खेकड्यांना दिसतात आभाळातले दोन डोळे, आणि त्यांचा धर्मच उभा राहतो. मग प्रवचनं, वाद, पाखंड. चर्चच्या व्यासपीठावरची भारदस्त भाषा खेकड्यांच्या तोंडी. चित्रपट्टीतलं सर्वोत्तम काम हेच.

जर्मन कासव किलरॉय खपून जातं. बी. एच. कलकत्ता (नापास) हा ब्लडहाउंड मात्र फिका. ‘बी. ए. नापास’ अशी पदवी नावापुढे लावण्याच्या जुन्या प्रथेवरचा हा विनोद. नावापुरता फक्कड, पण त्याचं भारतीय ढंगाचं इंग्रजी कुठल्याच भारतीय बोलीला धरून नाही. जी बारकाई मार्लनच्या वाट्याला आली, ती याच्या वाट्याला आली नाही, आणि ते डाचतं.

एरवी ब्रिटिश बोलीत आपलं पुष्कळ आहे. वेडसराला डूलॅली म्हणतात तो शब्द नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीवरून. डेको म्हणजे देखो, ब्लायटी म्हणजे विलायती, आणि तुरुंगाला चोकी म्हणतात ती आपलीच चौकी. एवढे शब्द ठाऊक असले की कुठलीही ब्रिटिश चित्रपट्टी सोपी जाते.

आता खरेदी. कळंगुट, कांदोळीकडे ब्रिटिश पर्यटक वाचून झालेले पेपरबॅक मागे ठेवून जातात. जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते चाळावेत. आधी कणा पाहावा. पानं शिवलेली नसतात, नुसती चिकटवलेली असतात. जुना गोंद कडक होतो आणि पुस्तक सपाट उघडलं की मधला गठ्ठाच सुटून येतो. म्हणून अर्धवटच उघडून तपासावं. मग अक्षर पाहावं: डॉड यांचे फुगे मजकुराने ठासून भरलेले आणि छपाई आकाराने लहान, त्यामुळे शाई पसरलेली प्रत घेऊ नये, ‘वॉट’ आणि ‘व्हॉट’मधला फरकच दिसेनासा होतो. कसर लागलेली प्रत शेजारची पुस्तकंही खाते, ती तिथेच ठेवावी. कुबट वास असेल तर सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस उभी ठेवावी. उन्हात हा कागद पिवळा पडून तुकडे होतो. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावी.

निवड करता आली तर कॉलिन्स यांची चित्रं असलेला आणि समुद्रकाठची सुट्टी आलेला संग्रह आधी घ्यावा. खेकड्यांची पानं मात्र सुटी वाचू नयेत, क्रमानेच वाचावीत. आदल्या पट्टीतला वाद पुढच्या पट्टीत पुढे सरकतो.