माळावर नुसतं अंजन गवत लावायचं की मिश्र कुरण करायचं?

माणदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात थोडा मुरमाड माळ आणि चार-सहा खिल्लार जनावरं असली की हा प्रश्न पडतोच. सगळीकडे अंजन लावावं, की अंजन आणि मारवेल ही दोन गवतं आणि स्टायलो हे चाऱ्याचं झुडूप असं एकत्र करावं? (बारमाही पाणी असेल तर हत्ती गवताचा हिशोब वेगळा, तो इथे धरत नाही.) माझ्याकडे दोन्ही तुकडे आहेत.

अंजन कामाला सोपं. मागच्या वर्षीचं बी शेणमातीच्या गोळ्यांत घालून टाकलं की पहिल्या पावसावर उठतं आणि ताणही सोसतं. एकच गवत असल्यानं तण लगेच ओळखू येतं, बी गोळा करतानाही घोळ होत नाही.

मला अडवलं ते फुलोऱ्यानं. सगळा माळ एकदमच निसवतो. गवत कापायचं ते फुलोऱ्यात असतानाच, आणि आमच्याकडे नेमकी तेव्हाच बाजरी काढणीला येते, मागोमाग शाळूची पेरणी. मजूर मिळत नाहीत, घरची माणसं रानात गुंतलेली. कापणी पंधरवडा लांबली की काडी होते. मग गाय ठोंबाभोवती फिरते, जिभेनं काड्यांमधली हिरवी पाती तेवढी ओढून घेते आणि पुढे सरकते. माळावर गुडघाभर गवत उभं आणि जनावर संध्याकाळी खपाटीला गेलेलं पोट घेऊन परततं, हे मला बघवत नाही.

मिश्र तुकड्यात ही घाई राहत नाही. अंजन आधी तयार होतं, ते आधी घ्यावं. मारवेलाची काडी बारीक, फुलोऱ्यात आलं तरी जनावरं आवडीनं खातात. स्टायलो द्विदल, त्याचं सोटमूळ खोल, त्यामुळे पाऊस सरल्यावरही बरेच दिवस हिरवं राहतं. गवतातली प्रथिनं उतरतात तेव्हा हाच पाला कामी येतो. शिवाय माळ काही एकसारखा नसतो. वर मुरूम, खाली ओघळीकडे काळी माती. तिथे पाणी साचलं की अंजन पिवळं पडतं, मारवेल मात्र टिकतं.

कष्ट जास्त आहेत, हे खरं. मारवेलाचे ठोंब भर पावसात वाकून लावावे लागतात. स्टायलोच्या बियांचं कवच कठीण, म्हणून साधारण 80 अंश तापलेल्या पाण्यात काही मिनिटं ठेवूनच पेरावं. पहिल्या वर्षी गवत त्याला दाबतं, तेव्हा ओळी वेगळ्या ठेवाव्यात. मोकाट चराई असेल तर जनावरं मारवेलावर तुटून पडतात, ते संपतं आणि कुसळी हे टोचऱ्या कुसांचं गवत माजतं. त्यामुळे माळाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीनंच चारावं लागतं.

कुंपण घालणं शक्य नसेल आणि गावची गुरं आत येत असतील, तर मी मिश्र कुरणाचा आग्रह धरणार नाही. अंजन तरी तग धरेल. मी चारा काट्यावर तोलून पाहिलेला नाही. पण मिश्र तुकडा झाल्यापासून कडब्याच्या गंजीला हात उशिरा लागतो, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. सगळा माळ एकदम मोडू नका. येत्या जूनमध्ये ओघळीकडच्या पट्ट्यात मारवेलाचे ठोंब लावा आणि वरच्या अंजनात ओळी सोडून स्टायलो पेरा.