स्लीव्ह सर्जरी करून सव्वा वर्ष झालं, आता सविस्तर लिहिते

स्लीव्ह म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन. ते करायचं की नाही हे ठरत नव्हतं तेव्हा मी रात्र रात्र जागून लोकांचे अनुभव वाचायचे. बहुतेक जण पहिल्या दोन महिन्यांतलं लिहितात, वजन भराभर उतरत असतं तेव्हाचं. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. म्हणून मी मुद्दाम वर्ष उलटून जाऊ दिलं.

आधी माझी परिस्थिती. वय ४३, उंची पाच फूट चार इंच, ऑपरेशनच्या वेळी वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४४ च्या वर. टाइप टू डायबेटिस, बीपीची गोळी, आणि झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन. आज वजन ८२ च्या आसपास आहे. शुगरची गोळी बंद आहे, मागचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ५.८ आला. सीपॅपही बंद झालं, पण पुन्हा स्लीप स्टडी करून डॉक्टरांनी सांगितल्यावर. वजन उतरलं म्हणून मशीन आपलं आपण कपाटात टाकायचं नसतं.

समाधान आहे का? हो, पूर्ण आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. मात्र ऑपरेशन दोनेक तासांत आटोपतं आणि पुढचं अख्खं वर्ष पाणी, प्रोटीन आणि गोळ्या यांच्या मागे जातं. त्यात घरातलं स्वयंपाकघर तुमच्या बाजूने उभं राहिलं तरच निभाव लागतो. ज्या कोणाचं ऑपरेशन घाटतंय त्यांनी सर्जनइतकीच चौकशी आहारतज्ज्ञाची करा. रात्री नऊला उलटी झाली तर फोन कोण उचलणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. माझ्या टीममधली आहारतज्ज्ञ फोन उचलायची. तिच्यामुळे मी तरले.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, उरतं ते केळ्यासारखं लांबट आणि अरुंद. काढलेल्या भागातच भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक बरंचसं तयार होतं, म्हणून जठर लहान होतंच, शिवाय भूकही मावळते. कापलेलं परत जोडता येत नाही, हे मनाशी पक्कं करूनच जायचं. दुसरा प्रकार बायपासचा (हृदयाचा नव्हे, जठराचा), त्यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. माझी एन्डोस्कोपी साफ होती, जळजळीचा त्रास नव्हता, म्हणून स्लीव्ह ठरली. ज्यांना जुनी ॲसिडिटी आहे त्यांनी ती सर्जनला नक्की सांगावी, कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते आणि अशा वेळी बायपासचा विचार होतो.

आधीचे दोन आठवडे लिक्विड डाएट असतं. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. हॉस्पिटलबद्दल फार लिहीत नाही. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून. ते टाळू नका. पोटापेक्षा माझा खांदा जास्त दुखला, तो ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो आणि काही दिवसांत थांबतो.

खरं सुरू होतं ते घरी. औषधाच्या बाटलीसोबत येतो तसला तीस मिलीचा कप, आणि दर पंधरा मिनिटांनी त्यातून घोट घोट. आमच्या सासूबाईंनी तो कप हातात घेऊन बघितला आणि विचारलं, "अगं, एवढ्यावर माणूस जगणार कसा?" ऑपरेशनला त्यांचा विरोधच होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मूग शिजवून घोटले, जुन्या सुती साडीच्या फडक्यातून कढण गाळलं, पुन्हा एकदा गाळलं, आणि चिमूटभर जिरेपूड घालून कप माझ्यासमोर ठेवला. मुलाने फोनवर गजर लावून ठेवला होता. तो वाजला की दुसऱ्या खोलीतून ओरडायचा, "आई, कप!" दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मऊ-घोटलेलं, मग नरम जेवण असा क्रम होता. त्या पहिल्या महिन्यात कढण, ताक, नाचणीचं पातळ आंबील, गाळलेलं चिकन सूप आणि प्रोटीन पावडर यावर मी होते. भूक लागत नव्हती, पण फोडणीचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं. जेवण म्हणजे दिवसाचा आधार असतो, तोच निघून गेल्यासारखा वाटतो. याबद्दल कोणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून सांगते. ते दिवस जातात.

आता पाण्याबद्दल, कारण मुंबईत राहणाऱ्यांना, त्यातही बायकांना, हे सगळ्यात जड जाणार आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी जायला हवं. घटाघटा पिता येत नाही, जेवताना पिता येत नाही, जेवल्यावर अर्धा तास पिता येत नाही. म्हणजे दिवसभर घोट घोट घेत राहण्याला पर्याय नाही. आणि आपण लोकलने जाणाऱ्या बायका वर्षानुवर्षं काय करतो? घरातून निघताना पाणी पीतच नाही. गाडीत संडास नाही, स्टेशनवरच्यात जाववत नाही, मग ऑफिसला पोचेपर्यंत कोरड्या घशाने. मुलुंड ते सीएसएमटी धीम्या गाडीने तासभर तरी जातो. ही सवय मोडणं मला पोळी सोडण्यापेक्षा अवघड गेलं. आता खुणा असलेली बाटली पर्समध्ये असते आणि गाडीत बसायला मिळो न मिळो, एका हाताने कडी धरून मी घोट घेते. दादर आणि सीएसएमटीला बरं स्वच्छतागृह कुठल्या टोकाला आहे हे मला पाठ आहे. ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं फार वर येतं. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात तर हे अजिबात अंगावर काढू नये. चक्कर, गडद लघवी, कोरडी जीभ दिसली की डॉक्टरांना फोन.

पोळीचं सांगते. परवानगी मिळाल्यावर मी ऑफिसमध्ये डब्यातली पाव पोळी घेतली, अगदी बारीक चावून. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध काहीतरी अडून बसलं. दुखणं नाही म्हणता येणार, दाब. तोंडात लाळेचा फेस येत राहतो, गिळताही येत नाही आणि बोलताही येत नाही. शेजारची मैत्रीण घाबरून पाणी पुढे करत होती आणि मी मानेनेच नको म्हणत होते, कारण वरून पाणी ओतलं की आणखी कोंडतं. चालत राहिले, वीसेक मिनिटांनी सुटलं. पोळीची कणीक आत गोळा होते, पावाचंही तसंच. मला भाकरी कालवणात कुस्करून चालते, तीही चतकोर. वडापावमधला वडा कधीतरी अर्धा खाते, पावाला हात लावत नाही.

ताटात पहिलं प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-भाकरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हा आकडा कागदावर लहान दिसतो. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतं आणि तुमचं पोट एका वेळी एक वाटीही घेत नाही, तेव्हा कळतं. मासे खाणाऱ्यांना मुंबईत मोठी सोय आहे. नरम जेवणाच्या टप्प्यात ओल्या बोंबलाइतकं सुखाने काहीच उतरलं नाही, काटा काढून, पातळ कालवणातला. सुरमईचा तुकडा कोरडा पडतो, चिकनपेक्षा खिमा बरा. जून-जुलैत मासेमारी बंद आणि पुढे घरात श्रावण, तेव्हा मुगाची धिरडी, पनीर, घट्ट दही आणि पावडरचा शेक यांवर भागवलं.

उपासांचा विचार वेगळा करावा लागतो. साबुदाणा, रताळी, वऱ्याचे तांदूळ यांत प्रोटीन नगण्य, आणि पोट मात्र तेवढ्यातच भरतं. आषाढीला मी सासूबाईंना विचारूनच ताक, पनीर आणि थोडं दाण्याचं कूट एवढ्यावर एकादशी केली. ज्यांना निर्जळी उपास करायचे असतात त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, हे मी कळकळीने सांगते.

आणि आग्रह. आपल्याकडे प्रेम ताटात वाढून दाखवतात, त्यामुळे नको म्हणणं म्हणजे माणसाला नको म्हटल्यासारखं होतं. गणपतीत मावससासूबाईंनी माझ्या अर्ध्या मोदकाशेजारी अख्खा मोदक ठेवला आणि वर तूप सोडायला चमचा उचलला. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिच्या ताटात कोणी वाढू नका. तिचं ती घेईल." ज्या बाईला हे ऑपरेशन पटतच नव्हतं, तिने भर पंगतीत ते माझ्यासाठी सांभाळलं. मी आयुष्यभर हे विसरणार नाही. घरातलं एक तरी माणूस असं तयार करून ठेवा, शक्य झालं तर आहारतज्ज्ञाकडे त्यांनाच सोबत न्या.

शरीराचं म्हणाल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, पुंजकेच्या पुंजके. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. वेगाने वजन उतरलं की बहुतेकांना होतं आणि केस परतही येतात. माझ्या कपाळाजवळ आता बोटभर नवे केस आहेत. थंडी वाजते, मुंबईत राहून! ऑफिसच्या एसीत मी शाल घेऊन बसते. पोटाची आणि दंडांची कातडी लोंबते. पावसाळ्यात घड्यांमध्ये घाम साचून बुरशीचं इन्फेक्शन झालं, तेव्हापासून अंघोळीनंतर घड्या कोरड्या करून डॉक्टरांनी दिलेली पावडर लावते. कातडी काढायचं ऑपरेशन माझ्या पॉलिसीत बसत नाही. आरशात बघून वाईट वाटतं का? कधी कधी वाटतं. मुलुंडचा पूल न थांबता चढले की ते वाटणं मागे पडतं.

वजन सरळ रेषेत उतरत नाही. तिसऱ्या आठवड्यातच काटा अडतो आणि माणूस हादरतो. पुढेही अडत राहतो. रोज वजन करू नका.

गोळ्या जन्मभराच्या आहेत. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, लोह, कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेट घ्यायचं, कारण ते पचायला जठरातल्या आम्लाची तेवढी गरज लागत नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहासोबत नाही. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने वेगळी गोळी होती. वारंवार उलट्या होत असतील तर बी-१ झपाट्याने उतरतं आणि त्याचा मज्जातंतूंवर परिणाम होतो, म्हणून ‘होईल बरं’ म्हणून बसायचं नाही. डोकं दुखलं की मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणणं आता बंद. मूल हवं असलेल्या मुलींनी वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं, आणि वजन उतरल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढते हेही लक्षात ठेवायचं. रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी. हा खर्च कोणी पॅकेजमध्ये सांगत नाही.

पैशांबद्दल. मला वेगवेगळ्या हॉस्पिटलांत साडेतीन ते साडेपाच लाख सांगितले. जठर कापून टाचणारा स्टेपलर आणि त्याची काडतुसं हा त्यातला मोठा भाग असतो, ती धरून आकडा आहे का ते लेखी घ्या. विम्याच्या नियमांनुसार वय १८ किंवा त्याहून जास्त आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा टाइप टू डायबेटिस, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा हृदयविकार यांसारखा आजार असेल, आधीचे साधे उपाय फसलेले असतील, तर हे ऑपरेशन नुसतं सौंदर्यासाठीचं म्हणून नाकारता येत नाही. माझ्या कंपनीने तरीही कॅशलेस अडवलं, पुन्हा पुन्हा पत्रं मागितली. जुने डाएटचे कागद, शुगरचे रिपोर्ट आणि स्लीप स्टडी जपून ठेवली होती म्हणून शेवटी मंजूर झालं.

नातेवाइकांत अजून इमान अहमद यांचं नाव निघतं. २०१७ मध्ये इजिप्तहून त्यांना चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं होतं, पलंगासकट क्रेनने वर उचलून. स्लीव्ह इथेच झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्या गेल्या. पाचशे किलोच्या आसपास वजन, पक्षाघात, वर्षानुवर्षं अंथरुणावर, अशा बाईची तुलना रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाशी करून कोणाला घाबरवू नये. जोखीम आहेच. टाक्यांच्या रेषेतून गळती झाली तर ताप येतो, नाडी धावते, पोट दुखतं, आणि तेव्हा तासाचाही उशीर चालत नाही.

"इंजेक्शनं आहेत की आता, कापाकापी कशाला?" हेही रोज ऐकते. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, आणि ज्यांना लागू पडतं त्यांनी जरूर घ्यावं. ती थांबवली की बरंचसं वजन परत येतं. ऑपरेशननंतरही येऊ शकतं, फक्त त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात सवयी बसवायला माणसाला उसंत मिळते. माझ्या मावसबहिणीचा बीएमआय ३१ आहे, शुगर नुकतीच सापडली आहे. माझं बघून तिलाही स्लीव्हच करायची आहे. तिला मी आधी एंडोक्रिनॉलॉजिस्टची, म्हणजे शुगर आणि संप्रेरकांच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलं आहे. पुढच्या शनिवारी मी तिच्यासोबत जाणार आहे.