टर्बोसाठी कार्बोरेटर: चिकलठाण्यातील एका वर्कशॉपचे काम

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील प्रायोगिक इंजिनासाठी पल्सर २२० चा कार्बोरेटर टर्बोजोगा करून घ्यायचा होता (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र). हे काम आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या वर्कशॉपला दिले. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आल्यानंतर सुट्या भागांच्या कामात मुरलेले कारागीर या शहरात सहज भेटतात, आणि इथे त्याचा प्रत्यय आला.

टर्बो म्हटले की बहुतेक जण आधी मोठ्या जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीचा विचार करतात. दाट हवेत मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, त्यामुळे मेन जेट वाढवावा लागतो हे खरे. पण मूळ अडचण फ्लोट चेंबरची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीची आहे. टर्बोची दाबलेली हवा कार्बोरेटरच्या तोंडाशी येते आणि चेंबरमध्ये मात्र बाहेरचाच दाब राहतो, तेव्हा पेट्रोल जेटमधून वर चढत नाही आणि ऐन बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोचा दाब चढलेला असताना, इंजिन उपाशी राहून पिस्टन जळण्याची वेळ येते. या वर्कशॉपने चेंबरच्या हवानळ्या थेट प्लेनमला, म्हणजे कार्बोरेटरच्या आधीच्या हवापेटीला जोडल्या. यामाहाने १९८२ च्या एक्सजे ६५० टर्बोत दाबाखालचे मिकुनी कंपनीचे कार्बोरेटर वापरले होते, तर होंडाने सीएक्स ५०० टर्बोसाठी कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन निवडले. कार्बोरेटरची वाट अवघड असली तरी चालण्याजोगी आहे, हे त्यावरून दिसते.

सर्वांत समाधान वाटले ते गळतीच्या तपासणीचे. "जेट कोणीबी बदलतंय सर, आधी हवा कुठून निसटती ते बघायचं," असे म्हणत तिथल्या कारागिराने कार्बोरेटरची तोंडे बंद करून आत हवा भरली आणि ब्रशने साबणाचे पाणी लावले. बटरफ्लायच्या (थ्रॉटलबरोबर उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याच्या एका टोकाशी बारीक बुडबुडे येत राहिले. तिथून पेट्रोलमिश्रित हवा तापलेल्या इंजिनावर उडाली तर आग लागू शकते, म्हणून त्याने सील बदलले, नवा बुश बसवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत काम सोडले नाही. चेंबरचे गॅस्केटही नवे घातले.

एक चूक मात्र गंभीर होती. टाकीतून आपोआप उतरणारे पेट्रोल बूस्टच्या दाबाविरुद्ध चेंबरमध्ये शिरू शकत नाही; त्यासाठी पंप, टाकीकडे परतीची नळी आणि बूस्टबरोबर दाब वाढवणारा रेग्युलेटर लागतो. या रेग्युलेटरची नळी त्यांनी बटरफ्लायच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जोडली होती. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना त्या बाजूचा दाब प्लेनमपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे पेट्रोलचा दाबही नको तेव्हा घसरतो. आम्ही दाखवून दिल्यावर नळी जादा मजुरी न घेता प्लेनमवर घेतली गेली. तरीही दाबाखालच्या जोडणीचे काम करणाऱ्याकडून ही चूक अपेक्षित नव्हती.

जेटिंगची, म्हणजे जेटचे माप ठरवण्याची जबाबदारी हे वर्कशॉपवाले घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आत येणारी हवा तापते आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनाला हादरे बसण्याचा धोका वाढतो. त्यामुळे अंतिम जेट वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा) लावून, दुपारच्या उन्हात इंजिन चालवूनच ठरवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरबदल करता येत नाहीत, म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी हे काम करून घेऊ नये. प्रयोगासाठी किंवा बंदिस्त ट्रॅकसाठी कार्बोरेटर द्यायचा असेल, तर सोबत रेग्युलेटर आणि प्लेनमही न्यावेत आणि संपूर्ण जोडणीची दाबाखालची तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी.