वीज कधी वापरायची ते मला ठरवू द्या: इंदुरात हायब्रिड वापरल्यानंतर

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" तेव्हा आधी तेच उरकून टाकू. इंदूर शहरात लिटरला २२-२३, थंडीत थोडं जास्त, मे महिन्यात एसीमुळे २० च्या आसपास. हायवेला १९-२०. कंपनीच्या पत्रकात २७ च्या पुढचा आकडा आहे, पण तो चाचणीतल्या ठरावीक चक्राचा. आपल्या ट्रॅफिकशी त्याचा फारसा संबंध नाही.

शहरात जास्त आणि मोकळ्या रस्त्यावर कमी, हे आमच्या बाबांना अजून पटत नाही. त्यांचं सगळं आयुष्य डिझेल गाड्यांत गेलं. "अरे, आग्रा-मुंबई रोडला लागलं की ॲव्हरेज वाढायला हवं, घटतं कसं?" कारण साधं आहे. साध्या गाडीत ब्रेक मारला की सगळा वेग ब्रेक पॅड तापवण्यात जातो. इथे मोटर उलट काम करून त्यातली बरीच ऊर्जा बॅटरीत परत भरते आणि पुढच्या सिग्नलवरून निघताना तीच वापरते. पलासिया ते विजयनगर थांबत-चालत जाताना ही गाडी खुलते. हायवेवर १०० च्या वेगात ब्रेकला पायच लागत नाही, मग परत काय मिळणार? मोटर आणि बॅटरीचं वजन मात्र तिथेही वाहावंच लागतं.

गाडी म्हणजे दीड लिटर पेट्रोल इंजिनाची स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या मोटरवरही धावणारी) एसयूव्ही, बाहेरून चार्ज न होणारी. उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं बघून झालं, म्हणून आता लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. तक्रारी माझ्या असल्या तरी आज आपल्या बाजारात असलेल्या या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना त्या कमीजास्त लागू होतील. आणि खरं तर मला तक्रारींपेक्षा पुढच्या पिढीच्या गाडीत काय हवं, तेच लिहायचंय.

आधी जे आवडलं ते. सकाळी कॉलनीतून गाडी निघते तेव्हा आवाज नसतो. राजवाड्याच्या गर्दीत, दोन रिक्षा आणि एका हातगाडीच्या मधून मुंगीच्या पावलाने सरकताना इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं. क्लच नाही, गिअर बदलल्याचा झटका नाही. एसीचा काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. बायको आधी "एवढे पैसे कशाला?" म्हणत होती, आता किल्ली तिच्याच पर्समध्ये असते. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या मात्र दर वेळी मागचा हायब्रिडचा बिल्ला बघून म्हणतो, "भिया, ये तो बिजली वाली है ना, इसमें पेट्रोल काहे को?"

तो विचारतो ते अगदीच चूक नाही. गाडीत वीज आहे, मोटर आहे, 'ईव्ही मोड', म्हणजे नुसत्या विजेवर चालवायचं, असं लिहिलेलं बटणसुद्धा आहे. पण ते बटण नावापुरतं. रात्री उशिरा सराफ्याच्या खाऊगल्लीतून गरडू, जोशींचे दहीवडे वगैरे खाऊन घरी परतताना वाटतं, कॉलनीतला शेवटचा टप्पा तरी शांतपणे जाऊ. बटण दाबावं तर पडद्यावर उत्तर येतं की बॅटरी कमी आहे, ईव्ही मोड उपलब्ध नाही. कारण ती वीज गाडीने आधीच स्वतःच्या हिशेबाने वाटेत खर्च केलेली असते. इंजिन कधी लावायचं, बॅटरी कधी भरायची, कधी रिकामी करायची, हे सगळं संगणक ठरवतो. पेट्रोल वाचवण्यात तो माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मान्य. पण घर दोन किलोमीटरवर आलंय आणि गल्लीत सगळे झोपलेत, हे त्याला माहीत नसतं. मला असतं. म्हणून मला पहिली गोष्ट हवी ती 'राखून ठेव' असं बटण. दाबलं की बॅटरीतला ठरावीक हिस्सा हात न लावता ठेवायचा, मी सांगेन तेव्हा वापरायचा. बाहेरच्या देशांत प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिडमध्ये ही सोय सर्रास असते. साध्या हायब्रिडमध्ये ती सहसा नसते, कारण बॅटरीच इतकी लहान की राखून राखणार काय?

इथे खरा मुद्दा येतो आणि तो मला इंदूर-ओंकारेश्वर रस्त्यावरच्या भेरूघाटाने शिकवला.

ओंकारेश्वरला जाताना सिमरोळ सोडलं की माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, बडवाहकडे पोचेपर्यंत आपण साधारण साडेतीनशे मीटर खाली आलेलो असतो. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,६०० किलो समजा. शाळेतलं गणित केलं तर एवढं वजन एवढं खाली उतरताना जवळपास दीड युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही टायर आणि हवा खातात, सगळी काही हाती लागत नाही, तरी उरते ती थोडी नाही. आणि या वर्गातल्या गाड्यांच्या बॅटरीची क्षमता किती? साधारण पाऊण युनिट. तीही पूर्ण वापरत नाहीत. आयुष्य टिकावं म्हणून बॅटरी कधी तळाला जाऊ देत नाहीत आणि काठोकाठ भरूही देत नाहीत, मधलाच पट्टा वापरतात.

परिणाम काय होतो? घाट निम्मासुद्धा उतरलेला नसतो आणि बॅटरी भरून जाते. मग गाडी इंजिन नुसतंच फिरवते, पेट्रोल न जाळता, फक्त वेग रोखायला. आवाज असा की मागे बसलेली आई घाबरून विचारते, "बिघडली का रे?" बिघडलेली नसते. फुकटची वीज ठेवायला जागा नाही, म्हणून तिची ओरड चाललेली असते. परतीला उलटं. चढाच्या पहिल्या काही वळणांतच बॅटरी खाली येते आणि उरलेला घाट तीन सिलिंडरचं इंजिन एका सुरात रडत चढतं.

त्यामुळे बॅटरी मोठी करा, असं मी म्हणणारच. पण त्याआधी गाडीला रस्ता तर वाचू द्या. नकाशा गाडीत आहे, चढ-उताराची माहिती त्यात असते, मी ओंकारेश्वरचा पत्ता टाकलाय हेही तिला ठाऊक आहे. मग घाट सुरू होण्याआधीच बॅटरी वापरून रिकामी करायची, म्हणजे उतारावर भरायला जागा मिळेल. एवढं गणित तिला जमू नये? टोयोटाच्या परदेशातल्या काही हायब्रिडमध्ये नेव्हिगेशन बघून बॅटरी आधीच भरण्याची-रिकामी करण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे मात्र तोच पडदा गाणी लावायला आणि बाण पळवायला. इंजिनातून चाकाकडे, चाकातून बॅटरीकडे फिरणारे ते रंगीत बाण पहिल्या आठवड्यात गंमत वाटतात. मला बाण नकोत, आकडे द्या. आज ब्रेकमधून किती युनिट परत आले आणि किती वाया गेले, ते दाखवा.

बॅटरी किती मोठी हवी? माझं रोजचं जाणं-येणं तीस किलोमीटरच्या आत आहे. पाच-सहा युनिटांची बॅटरी असेल आणि रात्री पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटला दोन-अडीच तास लावता आली, तर आठवडाभर पेट्रोलचा थेंब लागणार नाही. मग सरळ इलेक्ट्रिकच का घेतली नाही, असं भाचा विचारतो. "मामा, तू दोन्ही दगडांवर पाय ठेवतोस." ठेवतो, बाबा. वर्षातून दोन-तीनदा पुण्याला दादाकडे जायचं असतं, सेंधव्यानंतर बिजासन घाट, मग धुळे, नाशिक. त्यात आई-बाबा बरोबर. चार्जरवर रांग आहे का, तो चालू आहे का, ही काळजी मला त्यांच्यासोबत नको असते. शिवाय आमच्या इमारतीत प्रत्येकाच्या पार्किंगला वेगळं मीटर देण्याची चर्चा सोसायटीच्या सभेत अजून चहाच्या पुढे गेलेली नाही.

मोठी बॅटरी म्हटली की जागेचा प्रश्न येतो, आणि डिकीची अवस्था आधीच केविलवाणी आहे. होंडा सिटीचंच बघा, पेट्रोल गाडीत ५०६ लिटरची डिकी, हायब्रिडमध्ये ३०६. एसयूव्हींमध्येही बॅटरी डिकीच्या तळाशी बसते आणि दोन मोठ्या बॅगा आडव्या ठेवल्या की संपलं. गणपतीला दादाकडे जाताना मोदकपात्राचा डबा मांडीवर घेऊन बसावं लागतं. पुढच्या गाडीचा सांगाडा पहिल्यापासून हायब्रिड धरून आखावा, बॅटरी सीटखाली किंवा गाडीच्या तळात जावी. पेट्रोल गाडीत नंतर जागा शोधून बॅटरी कोंबू नये.

तिच्या थंडाव्याचंही बघावं. बऱ्याच गाड्यांत बॅटरी गार ठेवायला केबिनमधलीच हवा ओढतात, मागच्या सीटजवळ त्यासाठी एक जाळी असते. ही जाळी कुणाला माहीत नसते. तिच्यावर पिशव्या येतात, शाली येतात, मुलांच्या वेफर्सचा चुरा पडतो. माळव्यात उन्हाळ्यात जी धूळ उडते, ती जाळीच्या गाळणीत जाऊन बसते. गाळणी वेळच्या वेळी साफ करा, हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं आणि शोरूममध्ये कुणी बोलत नाही. पाण्यावर थंड होणारी बंद बॅटरी द्या, विषय मिटेल.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना ऐकून खरी वाटत नाही. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, कारण संगणक आणि रिले जागे करण्याचं काम त्या लहान बॅटरीकडे असतं. धक्का मारूनही चालू होत नाही. आमच्या ओळखीच्या एक काकू नातवाला बघायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांची हायब्रिड बंद पडून होती. परत आल्यावर दारसुद्धा रिमोटने उघडेना. बोनेट उघडून, केबल लावून शेजाऱ्यांनी जागी केली. किआ-ह्युंदाईच्या परदेशातल्या काही हायब्रिडमध्ये यासाठी डॅशबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की बाहेरून केबल न लावता गाडी पुन्हा जागी होते. एक बटण. मला सनरूफच्या जागी हे बटण चालेल.

आणि सॉकेट. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या कितीतरी टोयोटा हायब्रिडमध्ये १५०० वॅटचं घरगुती सॉकेट मिळतं. दिवे गेले की गाडी जनरेटरचं काम करते, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. वादळी पावसात आमच्या भागात वीज गेली की पंखा, राउटर आणि बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र, एवढं तरी तासन्‌तास चालेल. आपल्या गाडीत आज काय मिळतं? मोबाइल चार्ज करायची भोकं.

इंधनाबद्दल थोडक्यात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ॲव्हरेजला सहा-सात टक्क्यांचा चिमटा कागदावरच दिसतो. ही कसर हायब्रिड भरून काढू शकते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नितीन गडकरींनी दिल्लीत फ्लेक्स-फ्युएल इनोव्हा हायक्रॉसचा नमुना दाखवला होता, तो याच जोडीचा, जास्त इथेनॉल आणि हायब्रिड. ती जोडी शोरूमपर्यंत यावी. सीएनजी-हायब्रिडचीही मागणी ऐकतो, पण बॅटरी आणि टाकी दोन्ही ठेवल्यावर माणसं कुठे बसवायची ते सांगा.

बाकी बारीकसारीक. एसीची बटणं पडद्यात नको, हाताला लागतील अशी हवीत. होंडा सिटी हायब्रिडमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने ब्रेकिंगमधून वीज किती बनवायची ते कमी-जास्त करता येतं, ते सगळ्यांनी उचलावं. कमी वेगात गाडीचा थोडा तरी आवाज मोठा करा. छप्पन दुकान या खाऊगल्लीसमोर लोकांच्या मागून गेलो की ते दचकतात आणि गायी तर दचकतही नाहीत.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या जीएसटीत आमच्यासारख्या मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के कर आहे, आधी सेस धरून ४३ होता. इलेक्ट्रिकवर ५. शहरात निम्मा वेळ इंजिन बंद ठेवणारी गाडी आणि तेवढ्याच लांबीची डिझेल गाडी एकाच रकान्यात, याचं तर्कशास्त्र मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. एवढा जास्तीचा पैसा ॲव्हरेजमधून वसूल व्हायला रोज भरपूर चालवणारा माणूस लागतो. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याने साधी पेट्रोल गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि विकताना? बॅटरीवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, ती भक्कम आहे. पण पाच वर्षांनी जुनी गाडी घ्यायला आलेल्याला मी काय दाखवणार? फोनची बॅटरी किती टक्के उरली ते सेटिंगमध्ये दिसतं, लाखोंच्या गाडीची दिसत नाही. सर्व्हिसच्या बिलावर वॉशर लिक्विडपर्यंतच्या सगळ्या गोष्टी छापून येतात. त्याच कागदावर बॅटरीच्या तब्येतीची एक ओळ छापायला जागा भरपूर असते.