वॉरंटी संपलेली हायब्रिड: दुरुस्त करावी की विकावी?

हायब्रिड गाडीची वॉरंटी संपली की ‘बॅटरी बसायच्या आत विकून मोकळे व्हा’ असा सल्ला हमखास मिळतो. मात्र नेमकी कोणती वॉरंटी संपली, हे आधी पाहावे. टोयोटाच्या हायरायडर, हायक्रॉससारख्या गाड्यांत हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असे स्वतंत्र संरक्षण असते. उरलेल्या गाडीचे त्याआधीच संपते. मारुतीच्या सियाझ, अर्टिगामधील ‘स्मार्ट हायब्रिड’मध्ये मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते; ती नावापुरतीच हायब्रिड असल्याने तिचा निर्णय साध्या गाडीसारखाच घ्यावा.

खरा प्रश्न बॅटरीचेही संरक्षण संपलेल्या, टोयोटाच्या जुन्या कॅमरीसारख्या गाड्यांचा आहे. तेथेही डॅशबोर्डवर इशारा दिसताच बॅटरीचा खर्च गृहीत धरू नये. बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली तरी भलतेसलते इशारे येतात. मोठी, म्हणजे हायब्रिड बॅटरी केबिनमधील हवेने थंड होते आणि ती हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते; काळ्या मातीचा धुरळा आणि बेचाळीस अंशांचे ऊन असलेल्या आपल्या भागात ती जाळी व आतला पंखा बुजला, तर बॅटरी तापून वेळेआधी थकते. म्हणून प्रथम जाळी साफ करून घ्यावी आणि गाडी चालवून, स्कॅनरवर (दोष तपासण्याच्या यंत्रावर) बॅटरीतील प्रत्येक ब्लॉकचे, म्हणजे सेलच्या गटाचे, व्होल्टेज पाहावे. चढावर एखादाच ब्लॉक इतरांपेक्षा झपाट्याने खाली येत असेल, तर दोष बॅटरीतच आहे.

दोष पक्का झाल्यावर तीन वाटा उरतात. फक्त खराब मॉड्यूल (ज्या सुट्या भागांची बॅटरी बनते, त्यांतला एक) बदलणे सर्वांत स्वस्त पडते, परंतु बाकीची मॉड्यूल तितक्याच वयाची असल्याने जुन्या धोतराला नवे ठिगळ लावल्यासारखे होते. शेजारची शिवण पुन्हा उसवते. रिकंडिशन केलेला पॅक, म्हणजे जुनी मॉड्यूल जुळवून तयार केलेली अख्खी बॅटरी, हा मधला मार्ग आहे, पण त्यातील मॉड्यूल कोणत्या गाड्यांतून आली आणि जुळवून घेतली का, हे विक्रेत्याने लेखी दिले तरच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नवा पॅक महाग असला, तरी गाडी आणखी पाच-सहा वर्षे ठेवायची असेल तर माझा कौल त्यालाच आहे. टोयोटाच्या या प्रणालीत वेगळा स्टार्टर नसतो. मोठ्या बॅटरीने मान टाकली की इंजिनही सुरू होत नाही आणि धक्का मारून उपयोग नसतो. पुण्यात ही गैरसोय ठरेल, पण हिंगोली-नांदेड रस्त्यावर रात्री टोचन शोधण्याची वेळ येते.

विकण्याच्या बाजूने इंधनाचा हिशोब मांडून पाहावा. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १८ देत असेल आणि तिच्या जागी येणारी पेट्रोल गाडी १३ देणार असेल, तर साधारण २५५ लिटर, म्हणजे १०५ रुपयांच्या भावाने सुमारे २७,००० रुपये वाचतात. मात्र हायब्रिडचा खरा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत असतो. ज्यांची गाडी बहुतेक वेळ समृद्धी महामार्गावरच पळते, त्यांची बचत याहून कमी भरेल. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली असतील, तर पुन्हा पासिंग, पर्यावरण कर आणि घसरलेली किंमत पाहता नवा पॅक टाकणे परवडत नाही. बॅटरीसोबत इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) किंवा ब्रेकचा ॲक्च्युएटरही (ब्रेकचा दाब सांभाळणारा भाग) गेला असेल, तर विचार करत बसू नये, गाडी आहे तशी विकावी.

दुरुस्तीच करायची ठरली, तर गॅरेज पारखून घ्यावे. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलला हात लावण्यापूर्वी ती वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून, इन्सुलेटेड हातमोजे घालून काम करणारा मेकॅनिक हवा. एसीचा कॉम्प्रेसरही उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्यात नेहमीचे तेल भरले की विजेची गळती दिसू लागते आणि तो दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. पॅकची वॉरंटी कोणत्या गावात वठेल, हेही बिलावर लिहून घ्यावे, कारण पुण्यात बसवलेला पॅक बिघडला तर लातूरहून बंद गाडी तिकडे नेण्याचे भाडे सहसा मालकाच्याच खिशातून जाते.