७५० रुपयांची ओबीडी डबी, तीन ऑक्सिजन सेन्सर आणि एक जळकं पॅकिंग: ११ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग पुराण. ब्लूटूथवाली ओबीडी डबी (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले कोड आणि आकडे फोनवर दाखवणारी), ७५० रुपये: वसूल. धुरातला ऑक्सिजन ओळखणारे सेन्सर गाडीत दोन, एक पुढे इंजिनाजवळ, एक मागे. पुढचा नवा ऑक्सिजन सेन्सर, ४,२०० रुपये आणि मजुरी वेगळी: गरजच नव्हती. ऑनलाइन मागवलेला ‘युनिव्हर्सल’ सेन्सर, १,१५० रुपये: पाण्यात गेले. मागचा ओरिजिनल सेन्सर, ३,६०० रुपये: महाग, पण योग्य. आणि ज्याने गाडी खरी दुरुस्त झाली ते सायलेन्सरच्या जोडाचं पॅकिंग: १८० रुपये.

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे पासिंग, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांतली. (एप्रिल २०१० पासून ज्या १३ शहरांत बीएस-४ आधी लागू झालं त्यात पुणे होतं.) मी ती सेकंडहँड घेतली. आता १ लाख ३० हजारांच्या पुढे गेली आहे. सातारा-पुणे महिन्यातून तीन-चार वेळा, बाकी गावातल्या गावात. सोळाचं अ‍ॅव्हरेज सहज द्यायची.

गेल्या जुलैत भर पावसात खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पिकअपही बरा होता, फक्त आयडलिंगला किंचित थरथर. पुढच्या दोन टाक्यांत अ‍ॅव्हरेज साडेअकरावर आलं. गॅरेजमध्ये नेली. मेस्त्रींनी स्कॅन मारला, पी०१७१ निघाला. म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मेस्त्री म्हणाले, “साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. एवढ्या जुन्या गाडीला जातोच.” मी मान डोलावली. सेन्सर बदलला, कोड उडवला, दिवा गेला. नऊ दिवसांनी परत आला.

एक सवय मात्र कामाला आली. काढलेला जुना पार्ट मी नेहमी मागून घेतो. तो सेन्सर पिशवीत गुंडाळून डिक्कीत टाकला होता. त्याची गोष्ट पुढे येते.

आता डबीबद्दल. पहिली ३५० रुपयांची घेतली होती, निळी पारदर्शक. फोनला जोडली जायची, पण गाडीशी बोलायचीच नाही. या डब्यांत ईएलएम३२७ नावाच्या चिपच्या नकला असतात, आणि ज्यांवर ‘२.१’ असं छापलेलं असतं त्यातल्या बऱ्याच अर्धवट असतात. जुन्या गाड्यांचे प्रोटोकॉल त्यांना येत नाहीत. ती परत केली आणि ‘१.५’ वाली घेतली. ती पहिल्या झटक्यात जोडली गेली. बायकोच्या आयफोनला मात्र ती दिसत नाही. आयफोनसाठी वायफायवाली किंवा ब्लूटूथ एलई असलेली डबी लागते. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर सापडतं, सोळा पिनांचं. काम झालं की डबी काढून ठेवा. मी एकदा तशीच ठेवून आठ दिवस गावी गेलो आणि परत आल्यावर शेजाऱ्यांकडून धक्का मारून घ्यावा लागला.

कोड वाचण्यापुरतीच डबी वापरायची असेल तर घेऊ नका, ते काम कुठलाही मेस्त्री करून देतो. तिची खरी किंमत चालू आकड्यांत आहे. सेन्सर काय सांगतोय आणि कॉम्प्युटर त्यावर काय करतोय, हे इंजिन चालू असताना दिसतं.

जुन्या गाड्यांतला पुढचा सेन्सर झिर्कोनियाचा असतो. तापून तीनशे अंशांच्या वर गेला की तो स्वतःच थोडी वीज तयार करतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ च्या आसपास. मधली रेषा ०.४५ ची. कॉम्प्युटर सतत पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरचा आलेख वर-खाली, वर-खाली नाचत राहतो. मागचा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) पलीकडे असतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून वापरतो, म्हणून त्या सेन्सरचा आलेख शांत असायला हवा, साधारण ०.६ ते ०.७ वर सरळ. ऑक्सिजन सेन्सर ही काही नवी गोष्ट नाही. बॉशचा ‘लॅम्ब्डा’ सेन्सर, म्हणजे हाच, १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला.

दुसरा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय ते यात दिसतं. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला बदलतं, लाँग टर्म म्हणजे त्याने शिकून लक्षात ठेवलेलं. दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असेल तर झोप लागते. माझी बेरीज आयडलिंगला +१९ आणि २५०० आरपीएमवर +७ होती.

एक सूचना, जी मला कुणी दिली नव्हती. या डब्या जुन्या गाड्यांशी फार हळू बोलतात. स्क्रीनवर दहा आकडे लावले तर प्रत्येक आकडा सेकंदाला एकदाही बदलत नाही, आणि मग ठणठणीत सेन्सरसुद्धा सुस्त दिसतो. मी पहिले दोन दिवस नवा सेन्सरही खराब निघाला असं समजून दुकानदाराला फोनवर बोल लावले. एका वेळी दोनच आकडे ठेवा.

तर सेन्सरची परीक्षा. गाडी गरम करून उभ्याउभ्या एकदम रेस दिली: ०.९ वर उडी. पाय काढला: खाली ०.१ वर. दोन्ही झटक्यात. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, चपळ आहे. पण आयडलिंगला तो बहुतेक वेळ तळाशी लोळत होता, हवा जास्त, हवा जास्त म्हणत. आणि त्याच वेळी मागचा सेन्सर ०.८ वर चिकटून बसलेला, म्हणजे पेट्रोल जास्त. एकाच नळीतल्या एकाच धुराबद्दल दोन साक्षीदार दोन उलट जबान्या देत होते. त्यात पीयूसीवाल्याने आयडलिंगचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.१ टक्का काढून दाखवला. बीएस-४ पेट्रोलला मर्यादा ०.३ ची. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल खरंच जास्त, म्हणजे खोटं पुढचा बोलत होता. खोटं म्हणजे, त्याला जे हुंगायला मिळत होतं तेच तो इमानदारीने सांगत होता.

हे लक्षात यायला मला एक अख्खा रविवार लागला, कारण आधी मी चुकीच्या टोकाला गेलो. आयडलिंगला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर कमी, हे इंजिनात चोरून हवा शिरत असल्याचं ठरलेलं लक्षण. म्हणून इंजिनात हवा नेणारे इनटेकचे रबरी पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, सगळ्यांवर कार्ब क्लीनर फवारून ट्रिम हलतं का ते बघत बसलो. (हे करताना विझवण्याचं साधन जवळ ठेवा, आणि गरम मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांजवळ, तर फवारूच नका.) काही हललं नाही. मग डोक्यात आलं की हवा इंजिनाच्या आधीच शिरली पाहिजे असं कुठे आहे? इंजिनाच्या नंतर, पण सेन्सरच्या आधी शिरली तरी कॉम्प्युटरला तेच दिसणार. सायलेन्सरमध्ये धूर सलग वाहत नाही, धडका मारत जातो, आणि दोन धडकांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. रेस दिली की धडका जवळजवळ येतात आणि ओढ कमी होते. आकडे जुळत होते.

फट शोधली घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने. इंजिन गार, क्लीनरचा पाइप हवा फेकण्याच्या तोंडाला लावून टेल पाइपवर जुन्या टॉवेलने आवळला, आणि साबणाचं पाणी मॅनिफोल्डपासून खाली मारत गेलो. मॅनिफोल्ड आणि त्याखालचा पाइप जिथे नटबोल्टने जुळतात त्या जोडावर बुडबुड्यांचं मोहोळ उठलं. सेन्सर तिथून जेमतेम चार बोटं पुढे. आत शिरलेली हवा धुरात नीट मिसळण्याआधीच सेन्सरच्या नाकाला लागत होती. (तो टॉवेल घरातून कायमचा हद्दपार झाला, एवढंच सांगतो.)

मेस्त्रींना दाखवलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण माणूस सरळ, म्हणाले, “सिलिकॉन भरून देऊ का, पाच मिनिटांचं काम आहे.” मी नको म्हटलं. साध्या सिलिकॉन पेस्टची वाफ सेन्सरच्या टोकावर बसून त्याला मारते. नवं पॅकिंग आणलं. एक बोल्ट गंजून अर्ध्यात तुटला, तो काढायलाच दोन तास गेले. जुनं पॅकिंग एका बाजूने जळून पातळ झालं होतं. गाडी सुरू केली, आठवडाभर फिरवली. आयडलिंगचं ट्रिम +५ वर, मागचा सेन्सर ०.६५ वर शांत, अ‍ॅव्हरेज पुढच्या टाकीपासून पंधराच्या पुढे. पीयूसीला सीओ ०.०८.

मग खोडी म्हणून डिक्कीतला जुना सेन्सर परत लावला आणि दोन आठवडे चालवून पाहिला. आलेख नव्यासारखाच. ४,२०० रुपयांचा नवा सेन्सर आता सुटा पार्ट म्हणून कपाटात आहे.

माझी चूक कुठे झाली, तर कोड उडवू दिला तिथे. कोड पुसला की शिकलेलं ट्रिमही पुसलं जातं, कॉम्प्युटर शून्यापासून सुरुवात करतो, आणि ते सगळं पुन्हा शिकेपर्यंतचे नऊ दिवस आपण दुरुस्ती झाली म्हणून पेढे वाटतो. आता कोड निघाला की आधी आकड्यांचा फोटो, मग बाकी सगळं.

+५ का, शून्य का नाही, याचीही काळजी करून झाली. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला एकास १४.७ हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या हिशेबाने बनलेली गाडी थोडं जास्त पेट्रोल देणारच. ते गळतीचं लक्षण नाही.

फेब्रुवारीत दिवा परत लागला. या वेळी पी०१४१, मागच्या सेन्सरचा हीटर (सेन्सरला लवकर तापवणारी आतली तार). हे प्रकरण उलट, इथे सेन्सर खरंच गेला होता. चार वायरींचा सेन्सर असेल तर बहुतेक वेळा एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात, माझ्यात पांढऱ्या. फ्यूज चांगला, इग्निशन चालू केल्यावर सॉकेटला बारा व्होल्ट येत होते, पण सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींत मल्टिमीटर काहीच दाखवेना. चांगल्या हीटरला गार असताना काही ओहम दिसायला हवेत. हीटर तुटलेला. पाच मिनिटांत निदान.

आणि एवढं कळूनही मी स्वस्ताच्या नादी लागलो. ‘सर्व गाड्यांना चालतो’ असा युनिव्हर्सल सेन्सर मागवला, जुना सॉकेट कापून जोडायचा. वायरी डाग लावून (सोल्डरने) जोडू नका, क्रिंप करा, म्हणजे दाबून जोडा. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते, आणि सोल्डरने ती वाट बुजते. मी हे सगळं नीट केलं. पाच आठवड्यांनी पी०१४१ हजर. मोजलं तर त्याचा हीटरही मेला होता. विकणाऱ्याने मुदत संपल्याचं कळवलं. शेवटी पार्ट नंबर जुळवून ओरिजिनल आणला.

काढण्याबद्दल थोडं: २२ चा पाना, तोही एका बाजूने चिरलेला सॉकेट मिळाला तर उत्तम, म्हणजे वायर बाहेर राहते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इंजिन थोडं कोमट असताना फिरवा. थंडगार असताना जोर लावला की आटे घेऊनच बाहेर येतो. नव्याच्या आट्यांना पेस्ट लावलेली येते, ती टोकाला लागू देऊ नका. टोक पेट्रोलने, डब्ल्यूडी-४० ने, कशानेच धुऊ नका. धुऊन बरा झालेला सेन्सर मी तरी पाहिलेला नाही.

पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं पूर्ण होतात. आरटीओत नूतनीकरणाला न्यायची आहे, म्हणून हल्ली दर रविवारी डबी लावून बघतो. मागच्या रविवारी पेंडिंगमध्ये, म्हणजे दिवा लागण्याआधीच्या कच्च्या कोडांत, पी०४२० दिसला. तो कन्व्हर्टरचा. कित्येक महिने जास्त पेट्रोल पिऊन त्याची ताकद उतरली असणार. दिवा अजून लागलेला नाही, पण खंबाटकी चढताना मागच्या सेन्सरचा आलेख पुढच्यासारखा नाचायला लागतो, सपाटीवर शांत. नवीन कन्व्हर्टरचा भाव विचारला आणि फोन ठेवून दिला. आधी सगळे जोड पुन्हा साबणाच्या पाण्याने तपासतो. घरातून टॉवेल मिळणार नाहीये, गोणपाट बघावं लागेल.