एसीसाठी फ्यूजची तार की एचआरसी?

दीड टनाच्या एसीच्या जुन्या बोर्डातला फ्यूज बदलायला निघालो, तेव्हा दुकानदाराने दोन गोष्टी पुढे ठेवल्या: आहे त्याच किटकॅटसाठी, म्हणजे तार बसवायच्या ओढून काढता येणाऱ्या चिनीमातीच्या फ्यूजसाठी, नवी तार, किंवा किटकॅट काढून होल्डरसह एचआरसी, म्हणजे तार आत बंद असलेला तयार नळीसारखा फ्यूज. एमसीबीचा, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, विचार मी आधीच सोडला होता. आमचा बोर्ड जिन्यात, पश्चिमेच्या भिंतीवर आहे आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 अंशांवर गेला की दुपारी त्या लोखंडी पेटीला हात लाववत नाही. घरगुती एमसीबीचा अँपिअरचा आकडा 30 अंश तापमान धरून ठरवलेला असतो, त्यामुळे अशा पेटीत ती वेळेआधीच पडू लागते. ज्यांचा बोर्ड घरात, सावलीत आहे, त्यांनी मात्र एमसीबीच घ्यावी.

तारेचा मोठा गुण म्हणजे ती आपल्या हातची असते. रात्री दोन वाजता जळाली तरी मेन स्विच बंद करून, रिळावरची तार लावून दहा मिनिटांत एसी सुरू करता येतो, खर्चही नगण्य. एचआरसी एकदा उडाला की पूर्ण फ्यूजच बदलावा लागतो, आणि तो उडाला आहे हे बाहेरून बहुधा दिसतही नाही, टेस्टर लावून पाहावे लागते.

तरीही तारेवरून माझे मन उडाले, ते एका दुपारमुळे. बाहेरच्या युनिटचा पंखा बंद पडला होता आणि कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी घरघरून सुरू होऊ पाहत होता. फ्यूज जाईल म्हणून मी वाट पाहत राहिलो, फ्यूज गेला नाही. बोर्ड उघडला तेव्हा आतल्या वायरीचे वेष्टण भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे सुरकुतले होते. किटकॅट ओढून काढल्यावर कळले की मागच्या वेळी दुरुस्तीला आलेल्या वायरमनने फ्यूजची तार लावलीच नव्हती. इस्त्रीच्या वायरीतले तांब्याचे पदर पिळून दोन स्क्रूंखाली दाबले होते. किटकॅट बंद असताना आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही, आणि घरात दोन-तीन जणांचा हात लागलेल्या बोर्डाची तर हमी कोण देणार? एचआरसीवर ‘16’ हा आकडा छापलेला असतो. तो वाचता येतो, एवढाच काय तो फरक; पण मला तो पुरेसा वाटला.

शिवाय 15 अँपिअरची योग्य तार लावली तरी ती साधारण दुप्पट प्रवाहापर्यंत तग धरते, तर 16 अँपिअरचा जीजी (सर्वसाधारण वापराच्या) प्रकारचा एचआरसी सुमारे 26 अँपिअरला तासाभराच्या आत तुटतो. चालू स्थितीत दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअरच घेतो आणि सुरू होतानाचा क्षणभराचा झटका हा फ्यूज सहज सोसतो. मागची वायर तांब्याची, किमान अडीच चौरस मिलिमीटरची हवी, हे मात्र गृहीत धरले आहे. जुन्या घरात ती बारीक असेल तर आधी तिचे पाहावे.

ज्यांच्या घरी बोर्डाला एकाच जाणत्या माणसाचा हात लागतो, त्यांचे तारेवरही भागत असेल. मी 16 अँपिअरचे दोन जादा एचआरसी पेटीच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावून ठेवले आहेत. त्यातला एक गेल्या एप्रिलमध्ये वापरला, तेव्हा कॉम्प्रेसरचा कपॅसिटर फुगलेला निघाला.